सात पायऱ्यांचा पूल

सावली,
११ जानेवारी २०२४

चि. हर्षास,

भाऊचा सप्रेम जयभीम वि. वि. तुझं डिसेंबरचं पत्र इथी यायले अठरा दिवस लागले. तोयागुड्यात मोबाइलचा टावर उभा झाला असं तू दिवाळीत लिहिलं होतं. तो अजून नुसता उभाच आहे असं दिसते. आपलं पत्रांवरच चालू दे. मी बरा आहे. खुशबू आहे तशी आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. हसू नोको. घरामागच्या सांदवाडीत मी स्विमिंग पूल बसवून राह्यलो. गडचिरोलीच्या रीता मॅडम, ज्या खुशबूच्या पायाचा व्यायाम घेतात, त्या म्हणाल्या की वणव्यात झाड पाठीवर पडलं तरी आपल्या पोरीच्या कंबरेखाली जीव थोडा उरला आहे. पाण्यात अंगाचं ओझं कमी होते. तिथी उभं राहायचा सराव केला तं फरक पडू शकते. शकते म्हणाल्या, पडनच असं म्हणाल्या नाई. तसा हौद नागपूरले आहे. रोज नागपूर कोण करन?

म्हणून जमिनीवर उभा होणारा पूल पाह्यला. खोदकाम नाई. लोखंडी पाइपाची गोल चौकट, आत जाड प्लास्टिकचं कापड. पंधरा फूट रुंद, चार फूट उंच, सतरा हजार लिटर पाणी. बत्तीस वर्षं राइस मिलच्या मोटरा सांभाळल्या, मले हे काही अवघड नाई. रेतीचा फिल्टर, त्याले मोटर, दोन वॉल्व्ह, पाणी सोडायले एक तोटी. शेजारच्या कलाबाईले सांगतलं तं ती म्हणते, नाला नाई अन् काई नाई, तुम्ही सांदवाडीत पूल कायच्यावर बांधता. आता सारी गल्ली तेच विचारून राह्यली.

जागा निंबाच्या अलीकडची धरली आहे, जमीन तिथी सपाट आहे. खाली मऊ राहावं म्हणून मिलमधून धानाचा भुसा आणून पसरीन म्हणतो. तुम्ही दवाखान्याचे लोक विहिरीत टीसीएल पावडर टाकता, तं एवढ्या पाण्याले किती लागन ते कळवजो.

सीता असती तं तिनं हे सारं उडवून लावलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली, घरात मोठ्यानं बोलणारं कोणी नाई. तब्येतीले जपजो अन् पत्रात खंड पडू देऊ नोको.

तुझा भाऊ,
संघपाल

---

उपकेंद्र तोयागुडा,
२९ जानेवारी २०२४

ती. भाऊ,

हर्षाचा सप्रेम जयभीम वि. वि. नको म्हणालास तरी मी हसले. मग सुकरीला, म्हणजे माझ्या आशाताईला, पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं की सावलीजवळ एवढी मोठी वैनगंगा असताना पाणी भांड्यात भरून काऊन ठेवायचं. मी सांगितलं, माझा भाऊ फिटर आहे, मोटर लावायला जागा नसेल तर त्याला पाणी आवडत नाही.

आता कान दे. निंबाच्या अलीकडे जमीन सपाट का आहे, आठवतं का? संडासाची टाकी तिथेच आहे. वहिनीनं वर माती टाकून सारवून घेतली होती. सतरा हजार लिटर म्हणजे सतरा टन. पूल, टाकी आणि तू, तिघंही एकदमच खाली जाल. जागा बदल. भुसा तर अजिबात पसरू नकोस. त्यात उंदीर बिऱ्हाड करतील आणि खालून कापड कुरतडतील. चाळलेली रेती घाल, तिच्यावर जाड ताडपत्री घाल.

मोटरच्या लाइनीला करंट उतरला की आपोआप पडणारं स्वीच लाव. तुझ्या मिलमधलं जुनं नको, नवीन लाव. ती पाण्यात असताना मोटर बंदच ठेव. टीसीएल थेट टाकशील तर कापडावर पांढरे डाग पडतील. आधी बादलीत कालव, निवळू दे, वरचं पाणी तेवढं ओत. किती ते डब्यावरच्या आकड्यावर ठरतं, डब्याचं नाव कळव. तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या आण. वर झाकण घाल, नाहीतर सावलीभर डास होतील आणि माझी नोकरी तिकडेच सुरू होईल. आणि पाणी आता फेब्रुवारी-मार्चमध्येच भर. मे महिन्यात हातपंपावर बाया रांगेत असताना तू बोअर चालवू नकोस.

एक राहिलं. तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यात पाइप, वॉल्व्ह आणि रेतीला साडेतीन पानं, आणि खुशबूला चार ओळी. ती काय म्हणते, ते कुठेच नाही. पुढच्या पत्रात आधी ते लिही.

तुझी माया अशीच राहू दे.

हर्षा

---

सावली,
९ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,

खुशबूचा सप्रेम जयभीम वि. वि. हे पत्र कलाबाईंच्या हातून टपालात टाकते आहे, बाबांच्या नाही. फोन लागत असता तरी मी हे बोलू शकले नसते. मधली भिंत पातळ आहे आणि बाबा पलीकडे बसून कान देतात.

परवा सकाळी त्यांनी माझं वजन विचारलं. एक्कावन्न, मी सांगितलं. मला वाटलं, काळजी करत असतील. दुपारी खिडकीतून पाहिलं तर सांदवाडीत लोखंडी तिपाई उभी होती, तिला मिलमधली चेन-पुली टांगलेली, आणि तिच्या पट्ट्यात धानाचं पोतं. पोचूकाका, वेल्डिंगवाले, साखळी ओढत होते. पोतं वर गेलं, हवेत फिरलं, पलीकडे खाली उतरलं. बाबा पेन्सिल घेऊन लिहीत होते. कलाबाई म्हणाल्या, बरोबर एक्कावन्न किलो भरलं आहे, तुझ्यासाठी पाहून राह्यले.

आत्या, मला हसू आलं, खरंच आलं. पण पोतं खाली टेकताना डोलायला लागलं तेव्हा बाबांनी त्याला दोन्ही हातांनी धरून हळूच थांबवलं. इतक्या मायेनं! मला अकरा महिन्यांत कुणी तसं धरलेलं नाही. धरतात, पण ते काम म्हणून. उचल, ठेव, वळव, पूस. मी खिडकी लावून घेतली.

घरात माणसांची कमी नाही. विचारपूस करायला येतात. माझ्याकडे पाहतात आणि प्रश्न बाबांना विचारतात, जेवते का, झोपते का. मी तिथेच बसलेली असते. अहेरीत वनरक्षक होते तेव्हा माझ्या बीटवर मी जंगलात एकटीच हिंडायची, दहा-दहा किलोमीटर. तेव्हा कधी एकटं वाटलं नाही.

मला पुलाचा राग नाही. पाण्यात जायचं आहे. पण साखळीवरून नाही. मला पायऱ्या पाहिजेत. रुंद, बसत्या. पाठमोरी बसून, हातावर जोर देऊन मी एकेक पायरी वर सरकू शकते. आमच्या ओसरीच्या दोन पायऱ्या मी तशाच चढते, बाबा मिलमध्ये गेल्यावर. वेळ लागेल, लागू दे. बाबांना म्हटलं तर त्यांनी एवढंच सांगितलं की तू पडशील, आणि मोटरचा कॅटलॉग उघडला.

तू काही कर. तुझी आठवण येते.

तुझी,
खुशबू

---

तोयागुडा,
२१ फेब्रुवारी २०२४

चि. खुशबूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. मी काही करणार नाही, तूच करायचं आहे. मी मध्ये पडले तर पायऱ्या होतील, पण त्या आत्याच्या होतील.

तुझ्या बाबाशी बोलून उपयोग नाही. लहानपणीही नव्हता. आमच्या आईला काही पटवायचं असलं की ती त्याच्यापुढे वस्तू ठेवायची. तू कागद घे, नकाशा काढ. तुझ्या बीटचा काढायचीस तसा. पायरीची उंची, रुंदी, कठडा कुठे, तुझा हात कुठे पोचतो, खुर्ची कुठे लागेल, सगळी मापं इंचांत लिही. खाली सही कर आणि काही न बोलता त्याच्या चहाच्या कपाखाली ठेव. माप चुकलेलं दिसलं की तो बोलल्याशिवाय राहणार नाही. तो बोलला की तू बोल.

ओसरीच्या पायऱ्या चढताना कलाबाईला जवळ ठेवत जा. हे नर्स म्हणून सांगते. बाकी सगळं आत्या म्हणून.

तुझी,
आत्या

---

सावली,
२० मार्च २०२४

चि. हर्षास,

सप्रेम जयभीम वि. वि. तू सांगतलं ते खरं निघालं. लोखंडी सबलीनं ठोकून पाह्यलं तं निंबाच्या अलीकडे पोकळ वाजलं. जागा बदलली, आता पूल विहिरीच्या अंगाले आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, तं एका कडेले चार इंच चढ. खोलगट बाजूले भर घालणं सोपं होतं, पण भर दबते अन् पूल कलते. म्हणून चढच खरवडला. पोचू अन् मी पाच दिवस खडे वेचले. मग रेती, वर ताडपत्री. फिल्टर चालू आहे, तू म्हटलं ते स्वीच नवीन लावलं, वर हिरवी जाळी बांधली. टीसीएलचं तुझ्या पद्धतीनंच केलं.

तू विचारलं होतं की खुशबू काय म्हणते. ती म्हणाली काई नाई, तिनं माझ्या कपाखाली कागद ठेवला. सात पायऱ्या, एकेक सात इंचाची. वर पाटाएवढी जागा. आत पाण्यात उतराले दोन पायऱ्या. दोन्ही अंगाले कठडा. मी म्हटलं, कठडा दोन इंच खाली पाहिजे. ती म्हणाली, हात माझा आहे. त्यावर आमचं भांडण झालं. अपघातानंतरचं पयलं भांडण, हर्षा. लय जोरात झालं. कलाबाई मधात पडाले आली अन् ऐकत उभी राह्यली. शेवटी कठडा तिनं लिहिला तिथीच लावला. पोचूनं वेल्डिंग केली, मी कोपरे घासले. पुलाच्या कापडावर भार पडू नये म्हणून सारं वेगळ्या खांबावर उभं केलं आहे.

झाड पडलं त्याले चौदा तारखेले एक वर्ष झालं. त्याच दिवशी ती पयल्यांदा चढली. मले पाच हात दूर खुर्ची ठेवून दिली होती अन् तिथून उठाचं नाई असं बजावलं होतं. एक्केचाळीस मिनिटं लागले. मी घड्याळच पाहत होतो. दुसरीकडे कुठी पाहू समजत नोव्हतं. चौथ्या पायरीवर ती थांबली. मी उठलो तं तिनं नुसती मान हलवली. बसलो.

मंग ती पाण्यात उतरली. आत रीता मॅडम उभ्या होत्या. मी मोटरजवळ जाऊन वॉल्व्ह पाह्यला, त्याले काई झालं नोव्हतं.

चेन-पुली मिलले वापस केली. आठवण ठेवून लिहीत राहजो.

संघपाल

---

सावली,
६ मे २०२४

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम वि. वि. आता सात पायऱ्यांना मला सहा मिनिटं लागतात. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, न्हाणीत, सगळीकडे मी माझी मी जाते. दंड पाहशील तर माझ्याशी भांडणार नाहीस. कलाबाईंनी पाण्यात हात घालून पाहिला आणि विचारलं की आपल्या गुडघ्यांचं काही होईल का. उद्यापासून त्याही येणार आहेत, लुगडं नेसून.

पाणी छातीपर्यंत येतं आणि मी उभी राहते. कठडा सोडूनसुद्धा, तीस मोजेपर्यंत. उभं राहिलं की विहिरीच्या भिंतीपलीकडचं दिसतं. शेतांच्या धुऱ्यावरची येनाची झाडं दिसतात. वर्षभर मी सगळं बसलेल्या उंचीवरून पाहत होते, हे मला तिथे कळलं.

आता खरं लिहिते. रीता मॅडमना मी सरळ विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की जमिनीवर पायांना पट्ट्या बांधून, कुबड्या घेऊन, खोलीतल्या खोलीत चार पावलं होतील. बाकी खुर्ची. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. इतके दिवस मी कशाची तरी वाट पाहत होते, ती संपली. बाबांना मॅडमनी तेच सांगितलं, पण त्यांना ते ऐकू आलं नाही. ते दिवाळीपर्यंतचं बोलतात. मी पाण्यात असले की ते काठावर बसून मोजतात आणि माझ्या तीसचे चाळीस करतात.

जानेवारीत मी अहेरीच्या ऑफिसला अर्ज केला होता. बीट नाही तर टेबलाचं काम द्या, नकाशे, नोंदी, वायरलेस, काहीही. उत्तर आलं नाही. फोन करून विचारायचा धीर होत नाही. नाही म्हणाले तर? सोबतच्या मुलींचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, आता सणाला. मी त्यांना दोष देत नाही. मला वाटतं, तिथे माझ्या जागी कुणी आलं असेल आणि ती जागा बुजली असेल.

पाण्याबाहेर आलं की अंग एकदम जड होतं. ती पाच मिनिटं फार वाईट असतात. बाकी सगळं ठीक.

माझ्यावर लोभ ठेव.

खुशबू

---

सावली,
४ जून २०२४

चि. हर्षास,

सप्रेम जयभीम वि. वि. हे पत्र वाचून झालं की जाळून टाकजो. नाईतर नोको जाळू, राहू दे.

खुशबूच्या ऑफिसचा कागद आला आहे. बावीस एप्रिलले आला, साध्या टपालानं. औषधाच्या बिलाचा असन म्हणून मी फोडला. अहेरीले कंट्रोल रूममध्ये टेबलावरचं काम आहे. तळमजल्याचं क्वार्टर देतात, दारात उतार करून देतो म्हणतात. एकतीस जुलैच्या आत होकार कळवाचा आहे. तो कागद मोटरच्या वॉरंटीच्या पाकिटात आहे. दीड महिना झाला. तिले माहीत नाई. अर्जाचं तिनं मले सांगतलं नोव्हतं, म्हणून पयले मले रागच आला होता.

मी मनाले सांगतलं की पाणी लागू होऊन राह्यलं, अजून पाच-सहा महिने थांबलं तं पोट्टी आपल्या पायानं चालत जाईन, मंग देऊ. हे खोटं नाई, पण अर्धंच आहे. बाकीचं अर्धं असं की सीता गेली अन् खुशबूले नोकरी लागली, तेव्हा दोन वर्षं मी या घरात एकटा होतो. मिलमधून आलं की भात टाकाचा अन् कुकरची शिटी ऐकत बसाचं. सुटीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नोव्हता. मंग झाड पडलं अन् ती घरी आली. हर्षा, तिच्या पाठीवर झाड पडलं अन् माझं घर भरलं. असं वाटणारा बाप असते का? मले वाटलं. दवाखान्यातून तिले आणलं त्या रात्री मी बरा झोपलो होतो.

अन् हा पूल, तो तिच्यासाठीच केला, खरंच केला. पण आता असं दिसते की पाणी तिले जितकं लागू होते तितकी ती जाणार. मीच लेव्हल काढली, मीच रेती चाळली.

काय करू ते सांगजो. रागावशील ते माहीत आहे.

संघपाल

---

तोयागुडा,
१५ जून २०२४

ती. भाऊ,

सप्रेम जयभीम वि. वि. हो, रागावले. तुझं पत्र आलं तेव्हा लसीकरणाचा दिवस होता. मुलं रडत होती आणि मीही. सुकरीला वाटलं, कुणी गेलं.

तुला वाटलं ते वाटलं. त्याचं काही करता येत नाही. तू वाईट बाप नाहीस. पण तो कागद तुझा नाही. ती मला लिहिते की तिची जागा बुजली असेल. भाऊ, तिथे तिच्या दारात उतार करून ठेवायला माणसं तयार आहेत आणि तुझी मुलगी समजते आहे की जगात तिला कुणी विचारत नाही. हे तू काठावर बसून रोज पाहतोस.

एकटं राहण्याचं मला सांगू नकोस. मी इथे सव्वीस वर्षं आहे. संध्याकाळी सुकरी घरी गेली की मी रेडिओ लावते, बातम्या ऐकायच्या असतात म्हणून नाही, कुणीतरी बोलत असावं म्हणून. जुनी पत्रं काढून वाचते. बाळंतपणाला मध्येच बोलावणं आलं की मला बरं वाटतं, हे कुणाला सांगितलेलं नाही. मला तुझी भीती कळते. म्हणूनच सांगते, त्या भीतीवर तिला घरात ठेवलीस तर तुम्ही दोघं एकाच घरात एकटे राहाल.

मी तिला हे लिहिणार नाही. तूच तिच्या हातात दे. सगळं सांगून दे, पाकिटासकट. पाऊस लागला की नदी चढेल, पुलावरून पाणी गेलं की इथलं टपाल थांबेल. मला तोपर्यंत तुझं उत्तर मिळेल असं वाटत नाही. म्हणून उत्तराची वाट न पाहता तुझ्यावर विश्वास ठेवून बसते.

तुझीच,
हर्षा

---

अहेरी,
२८ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,

सप्रेम जयभीम वि. वि. हे पत्र कधी पोचेल माहीत नाही. तुझ्याकडे जाणारा भामरागडचा रस्ता पुन्हा बंद आहे. आमच्याच कंट्रोल रूममध्ये तशी नोंद मी स्वतः केली. हो, आमच्या. मी एक ऑगस्टला रुजू झाले.

बाबांनी कागद दिला तो आठ जुलैला. मी पाण्यातून बाहेर येऊन, अंग जड होऊन बसले होते. ते खुर्ची घेऊन समोर बसले आणि तारखेसकट सगळं सांगितलं. कारणही सांगितलं. माझ्याकडे पाहत सांगितलं, आत्या. वर्षभरात पहिल्यांदा पायांकडे नाही. नऊ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवण कलाबाईंनी दोन ताटांत वेगवेगळं वाढलं. ते रोज सकाळी पाण्यावरची पानं काढून ठेवायचे, पट्टी बुडवून पाहायचे आणि मिलमध्ये निघून जायचे. काठावर बसायचे बंद झाले. दहाव्या दिवशी मी होकार कळवला आणि त्यांना एवढंच म्हटलं की सामान बांधायला मदत करा. त्यांनी केली. पोचूकाकांच्या गाडीतून इथपर्यंत आलो. उतार पाहून ते म्हणाले, तीव्र आहे, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्यासमोर उभं राहून नीट करून घेतला. मग गेले. मी दारातून हात केला, पण जा म्हटलं, या म्हटलं नाही.

काम चांगलं आहे. वायरलेसवर बीटवरच्या मुलींचे आवाज येतात. जागा बुजली नव्हती. पण संध्याकाळी क्वार्टरमध्ये येते आणि दिवा लावते तेव्हा घर इतकं शांत असतं की मला बाबांची ती दोन वर्षं कळतात. कळतात आणि रागही जात नाही. दोन्ही एकाच वेळी असतं. तुझं तिकडे असंच असतं का?

इथे पाणी नाही. व्यायाम पलंगावर करते. चार पावलं होतात.

तुझी,
खुशबू

---

अहेरी,
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,

खुशबूचा सप्रेम जयभीम वि. वि. फोनवर आपण दोघंही जेवली का, जेवलो, एवढंच बोलतो आणि मग मोटरचा आवाज ऐकतो. म्हणून लिहिते.

रस्ता उघडला. आत्याची सात आठवड्यांची पत्रं एकदम आली. ती मला काही सांगत नाही, नुसतं तिच्या रेडिओबद्दल लिहिते.

बाबा, मी अजून रागावलेली आहे. किती दिवस राहीन माहीत नाही. पण तुम्ही सांगितलंत, हे मी विसरलेले नाही. तुम्ही न सांगता तो कागद कुठेतरी सापडू दिला असता तर मी परत कधी आले नसते.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मला सुटी असते. त्या दिवशी या. दर आठवड्याला नको. येताना हत्यारांची पेटी आणू नका, इथे सगळं ठीक आहे. जेवायला या.

तुमची,
खुशबू

---

सावली,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. खुशबूस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शुक्रवारी आलं. कालचा रविवार दुसरा होता हे मले कळलं, पण पत्र हातात पडल्यावर लगेच धावलो तं तुले बरं वाटलं नसतं. म्हणून नोव्हेंबरात येतो, दहा तारखेले. हत्यारं आणत नाई.

तू राग लिहिला, ते बरं केलं. मी वाचून घडी घालून ठेवला.

थंडी लागून राह्यली, म्हणून पूल रिकामा कराचं ठरवलं होतं. पोचू म्हणाला की कापड वाळवून घडी केलं तं दहा वर्षं टिकन. कलाबाई रागावली, तिचे गुडघे आत्ता कुठी वाकून राह्यले. तरी मी काल दुपारी तोटी सोडाले गेलो. तिथी ध्यानात आलं की सात महिने झाले, मी एकदाही त्या पाण्यात पाय ठेवला नाई. पट्टी बुडवली, हात बुडवला, थर्मामीटर बुडवलं. मले पोहता येत नाई हे तुले माहीत आहे.

बनियन-पॅन्टवर गेलो. तू चढत होती तसा पाठमोरा, बसून, हातावर. चौथ्या पायरीवर मीही थांबलो. कठडा तू लावला तिथीच बरोबर आहे, दोन इंच खाली असता तं चाललं नसतं. आत उतरलो. पाणी थंड होतं. छातीपर्यंत आलं अन् अंगातलं सारं ओझं कोणीतरी खालून उचलल्यासारखं झालं. एकोणसाठ वर्षांत असं कधी वाटलं नाई. मंग मले समजलं की बाहेर आल्यावर तू पाच मिनिटं काऊन बोलत नोव्हती.

बराच वेळ उभा होतो. विहिरीच्या भिंतीपलीकडे लोकं धान कापून राह्यले होते, त्यातल्या कोणीतरी मले पाहून हात केला. मी पण केला. बोटं सुरकुतली, दात वाजाले लागले. आता पुरे, निघा, असं म्हणणारं घरात कोणी नोव्हतं. म्हणून मीच मोठ्यानं म्हटलं, संघपाल, निघ आता. माझाच आवाज ऐकून दचकलो, अन् निघालो.

तोटी सोडली नाई. राहू दे पाणी.

दहा तारखेले जेवाले येतो. तोपर्यंत जमन तितकी माया असू दे.

तुझा,
बाबा